गवताला घाई नसते

गरौठ्याकडच्या शेतकऱ्याला मातीची चार नावं तोंडपाठ असतात. मार आणि काबर या काळ्या, परवा आणि राकड या लालसर. झाशी जिल्ह्याच्या या तहसिलीत मार मुबलक आहे. पावसात तिच्यात गाडीचं चाक रुतून बसतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मराठवाड्यातल्या माणसाला ती पाहून घरचं रान आठवेल. तशी मराठी माणसाची इथली ये-जा जुनीच. याच तहसिलीतलं गुरसराय हे पेशवाईच्या काळात इकडे आलेल्या खेर घराण्याचं गाव.

या काळ्या मातीचा जुना वैरी म्हणजे काँस नावाचं गवत. नवरात्राच्या सुमाराला त्याला पांढरेशुभ्र तुरे येतात, दिसायला सुरेख. पण त्याची जमिनीखालची खोडं आणि मुळं बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत. लागोपाठ पाऊस जास्त झाला किंवा दुष्काळात बैल मेले, आणि एक-दोन हंगाम नांगरट चुकली, की काँस शेतात शिरतो. १८९० च्या दशकात झाशी जिल्ह्याने हा अनुभव चांगलाच घेतला. पिकाऊ जमीन काँसाखाली गेली, कुळं शेतं टाकून निघून गेली. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तर असंही नोंदलेलं आहे की काँसाशी भांडण्यात अर्थ नाही, दहा-पंधरा वर्षांनी तो आपला आपण ओसरतो. स्वातंत्र्यानंतर सरकारने भांडायचं ठरवलं. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला जी अगदी पहिली कर्जं दिली, त्यातलं एक कोटी डॉलरचं कर्ज शेतीयंत्रांसाठी होतं, आणि त्यातल्या ट्रॅक्टरांचं मुख्य काम मध्य भारतातल्या काँसाच्या जमिनी खोल नांगरून काढणं हे होतं.

आता याच गवताची दुसरी बाजू. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी १९१२ मध्ये जाड, गोड उसाशी या काटक काँसाचा संकर केला. त्यातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. आजच्या जवळजवळ प्रत्येक व्यापारी उसात काँसाचा अंश आहे, कोल्हापूर-सांगलीच्या फडातल्या को ८६०३२ मध्येही. या आकड्यातले ८६ म्हणजे १९८६, कोइमतूरला तिला क्रमांक मिळाला ते साल. पाडेगावच्या केंद्रातून महाराष्ट्रासाठी तिची शिफारस झाली १९९६ ला. एका क्रमांकापासून एका शिफारशीपर्यंत दहा वर्षं, आणि ही गोष्ट यशस्वी जातीची.

गवताचं घड्याळ असं चालतं. गवतावर संशोधन करणाऱ्या माणसाच्या मनगटावर मात्र दुसरंच घड्याळ असतं. त्यात फेलोशिपचे महिने, प्रोबेशनची वर्षं, प्रकल्पाची मुदत आणि बढतीच्या तारखा असतात. ही दोन घड्याळं जुळवता जुळवता एक अख्खं आयुष्य जातं. ते कसं जातं हे बघायला झाशीइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल.

झाशीला भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्थान १९६२ मध्ये सुरू झालं; १९६६ पासून ते भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे, म्हणजे सगळे ज्याला ‘आयसीएआर’ म्हणतात तिच्याकडे आलं. गवतासाठी अख्खी संस्था काढायची तर ती झाशीलाच का, याचं उत्तर अन्ना प्रथेत सापडतं. रब्बीची कापणी झाली की बुंदेलखंडात गुरं मोकळी सोडायची पद्धत आहे. अशी सोडलेली गुरं म्हणजे अन्ना. पूर्वी ती पडीक रानात चरायची. रान आक्रसलं, भाकड गाईंची संख्या वाढली, आणि आता अन्ना जनावरं उभ्या पिकात शिरतात. गरौठा, मऊरानीपूर भागातला शेतकरी थंडीच्या रात्री माचाणावर बसून गव्हाची राखण करतो ती चोरासाठी नसते, गाईसाठी असते. वर्षभर पुरेल एवढा चारा असता तर हा जागता पहारा लागलाच नसता. त्यामुळे इथल्या शास्त्रज्ञाला आपल्या विषयाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पटवून द्यावा लागतो तो वेळ.

वेळ म्हणजे किती, याचं जुनं उदाहरण पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांच्या ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ या ग्रंथाचं. १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षं देशभरच्या कुरणांची पाहणी झाली, आणि ग्रंथ छापून आला १९७३ मध्ये. सगळ्या भारताचं गवत त्यात पाच मोठ्या पट्ट्यांत मांडलं आहे. गंमत अशी की बुंदेलखंड आणि दख्खनचं पठार एकाच पट्ट्यात येतात, सेहिमा-डायकॅन्थियमच्या. डायकॅन्थियम म्हणजे आपलं मारवेल. म्हणजे रेल्वेने कितीही लांब असली तरी गवताच्या हिशोबात सासवडची टेकडी आणि झाशीची टेकडी एकाच घरातल्या. आजही कुरणांवरचा कुठलाही भारतीय शोधनिबंध उघडा, संदर्भांच्या यादीत १९७३ चा हा ग्रंथ बहुधा असतोच. पाहणीचं पहिलं वर्ष आणि छापील पान यांच्यामध्ये एकोणीस वर्षं आहेत. आजच्या दर सहामाही प्रगती अहवालात ‘पाहणी चालू आहे’ असं एकोणीस वर्षं लिहून चालेल का, हा विचारच थोडा हसवतो.

पाहणी म्हणजे काय हे जवळून बघितलं तर हसू जरा आवरेल. लोखंडी सळ्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट रानात टाकायची. चौकटीत कुठली कुठली गवतं आहेत आणि किती दाट आहेत ते लिहायचं. मग विळ्याने सगळं गवत जमिनीलगत कापायचं, जातीजातीप्रमाणे वेगळं करायचं, कागदी पिशवीत भरायचं, पिशवीवर पेन्सिलीने क्रमांक घालायचा. पेन चालत नाही, दवाने अक्षर पसरतं. ओलं वजन तिथंच. मग पिशव्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये, साठ-सत्तर अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत. अशा चौकटी दिवसाला पंधरा-वीस, आणि तेच रान पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात, पुन्हा पुढच्या वर्षी. संध्याकाळी मोजे आणि पँटच्या शिलाईतून कुसळं उपसत बसायचं. कुसळीच्या दाण्याला लांब शेपूट असते, ती दमट हवेत उलगडते आणि कोरड्या हवेत पीळ खाते. त्या पिळाने दाणा गिरमिटासारखा जमिनीत शिरतो. निसर्गाने ही सोय जमिनीसाठी केली आहे, पण पायमोज्यालाही ती लागू पडते.

या रानापर्यंत माणूस येतो कसा?

समजा राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कुणी बी.एस्सी. ॲग्री झालं. वर्गातले निम्मे मित्र एमपीएससीच्या मागे लागतात. राहिलेल्यांपैकी काही आयसीएआरची परीक्षा देऊन एम.एस्सी.ला दुसऱ्या राज्यात जातात, पुढे पीएच.डी. मग नेट, मग कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची ‘एआरएस’ परीक्षा: पूर्व, मुख्य, मुलाखत. निवड झाली की हैदराबादच्या ‘नार्म’ या संस्थेत सगळ्या नव्या शास्त्रज्ञांचं एकत्र प्रशिक्षण होतं. तमीळ, पंजाबी, मणिपुरी, मराठी पोरं-पोरी तिथं महिनोन्‌महिने एकत्र राहतात, आणि एक दिवस नेमणुकांची यादी लागते. तोवर तिशी आलेली किंवा ओलांडलेली असते. गावाकडे विचारणा चालू असते: ‘अजून शिकतोयसच का?’

यादीत झाशी आली तर पुण्याहून झेलम एक्सप्रेस, मुंबईहून पंजाब मेल. स्टेशनचं नाव २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाई झालं असलं तरी रिक्षावाल्याला झाशीच म्हणायचं. भाद्रपदात गणपतीच्या जुन्या मंदिरात पाय वळतात. मणिकर्णिकेचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचं, गंगाधररावांशी लग्न १८४२ मध्ये लागलं ते याच मंदिरात. तिथं आरतीला चार मराठी चेहरे भेटतात, कुणाच्या तरी घरी पुरणपोळीचं आमंत्रण होतं, आणि मग नवखा माणूस जरा स्थिरावतो. जोडीदारही शास्त्रज्ञ असेल तर एक झाशीला आणि दुसरा कर्नाल किंवा कोचीला, ही गोष्ट या नोकरीत एवढी सर्रास आहे की तिची कुणी बातमी करत नाही. मुलाचा पहिला वाढदिवस व्हिडिओ कॉलवर झालेली घरं पुष्कळ सापडतील.

ही एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवा, मुळात जन्माला आली तीच एका दुःखातून, आणि त्या कथेत एक सातारकर आहे. १९७२ च्या मे महिन्यात दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या एका कृषिशास्त्रज्ञाने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात बढतीतल्या अन्यायाची आणि संशोधनातल्या अप्रामाणिकपणाची तक्रार होती. संसदेत गदारोळ झाला. सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष केले सुप्रीम कोर्टाचे निवृत्त सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर. साताऱ्यात जन्मलेल्या या न्यायमूर्तींपुढे प्रश्न कायद्याचा कमी आणि खुर्चीचा जास्त होता. त्या काळी आयसीएआरमध्ये पगार आणि हुद्दा माणसाला नव्हे, पदाला चिकटलेला असे. वरचं पद रिकामं झालं की अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, आणि मिळालं तर पुष्कळदा विषय, शहर, चालू प्रयोग सगळं सोडून तिकडे जायचं. उत्तम पैदासकार बढतीसाठी प्रशासक होई. एका जागेसाठी दहा सहकारी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होत. सकाळी ज्याच्याबरोबर चहा प्यायचा त्याच्याच विरुद्ध दुपारी मुलाखतीला बसायचं.

समितीच्या अहवालानंतर चक्रं हलली. १९७३ च्या नोव्हेंबरात कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळ उभं राहिलं, आणि एम. एस. स्वामिनाथन महासंचालक असताना, १ ऑक्टोबर १९७५ पासून, कृषी संशोधन सेवा सुरू झाली. तिच्यातली कल्पना साधी पण त्या काळाला धीट होती: वरची जागा रिकामी नसली तरी शास्त्रज्ञाच्या कामाचं दर पाच वर्षांनी मूल्यमापन करायचं आणि योग्य ठरला तर आहे त्या जागी, आहे त्या विषयात त्याला वर चढवायचं. खुर्ची माणसामागे येईल, माणसाने खुर्चीमागे धावायचं नाही. भारतीय विज्ञानातल्या नोकरशाहीला एवढा मोठा धक्का देणारे प्रसंग फार नाहीत, आणि या प्रसंगाची आठवण मराठीत तर कुणी काढत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पण मूल्यमापन करायचं म्हटलं की मोजमाप आलं, आणि मोजमाप आलं की तक्ता आला. खुर्चीची जागा तक्त्याने घेतली.

या तक्त्याला संस्थेत ‘स्कोअरकार्ड’च म्हणतात. शोधनिबंध, प्रकल्प, वाण, प्रशिक्षण, विद्यार्थी, पुरस्कार, प्रत्येकाला गुण. शोधनिबंधाचे गुण नियतकालिकाच्या ‘नास रेटिंग’वर ठरतात. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी दर वर्षी १ जानेवारीपासून लागू होणारी यादी काढते. ज्या नियतकालिकाला आंतरराष्ट्रीय प्रभावांक नाही त्याला जास्तीत जास्त सहा, प्रभावांक असेल तर सहाच्या वर. त्यामुळे जानेवारीत कृषी संस्थांच्या कँटीनमध्ये शेअर बाजारासारखी चर्चा चालते: अमुक जर्नल घसरलं, तमुक वर गेलं, आपला पेपर गेल्या डिसेंबरात आला ते बरं झालं. हिंदीत किंवा मराठीत शेतकऱ्यासाठी लिहिलेला चांगला लेख या बाजारात जवळपास चिल्लर. गरौठ्यातला माचाणावरचा शेतकरी मात्र प्रभावांक असलेलं नियतकालिक कधी चाळत नाही.

आता या तक्त्यात गिनी गवत बसवून बघा. गिनी गवत भरघोस चारा देतं. झाशीच्या बुंदेल गिनी जाती प्रसिद्ध आहेत. पण पैदासकाराच्या दृष्टीने हे गवत म्हणजे अवघड जागेचं दुखणं. त्याला बी येतं ते बहुतेक फलनाशिवाय. या प्रकाराला अपोमिक्सिस म्हणतात: दाण्यातला गर्भ परागाची वाट न पाहता आईच्याच पेशीपासून तयार होतो, म्हणून लेक हुबेहूब आईसारखी. शेतकऱ्याला हे वरदान, कारण एकदा चांगली जात मिळाली की बियाणं पिढ्यानपिढ्या तेच. पैदासकाराला संकर करायचा तर मात्र शेकडो नमुन्यांतून एखादं फलन घेणारं झाड हुडकावं लागतं. हे हुडकणं म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली फुलाच्या अंडाशयाचे काप पुन्हा पुन्हा बघणं. तीन वर्षं बघून एकही मनासारखं झाड न सापडणं हाही निकाल आहे, प्रामाणिक निकाल. तक्त्यात त्याचा रकाना नाही.

समजा झाड सापडलं, संकर साधला, निवड झाली. मग अखिल भारतीय समन्वित चाचण्या. चारापिकांच्या या चाचण्यांचा कारभार झाशीहूनच चालतो. देशभरच्या केंद्रांना, त्यात आपली राहुरी आणि ‘बाएफ’ संस्थेचं उरुळीकांचन आलं, सांकेतिक क्रमांकाच्या पुड्या जातात. कुणाचं वाण कुठल्या पुडीत हे पेरणाऱ्याला ठाऊक नसतं. पहिल्या वर्षी प्राथमिक चाचणी, पुढे प्रगत चाचण्या, सोबत तुलनेला जुनी गाजलेली जात. बहुवार्षिक गवत असेल तर एकदा लावायचं आणि वर्षानुवर्षं कापत राहायचं. सगळ्यातून तरलं तर वाण ओळख समिती, मग केंद्रीय समिती, मग राजपत्रात अधिसूचना. दहा-बारा वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात त्याच शास्त्रज्ञाची दोन-तीन मूल्यमापनं होऊन गेलेली असतात, आणि प्रत्येक वेळी हे वाण ‘प्रगतिपथावर’ असतं. शहाणा माणूस मग काय करतो? एका हाताने वाण सांभाळतो आणि दुसऱ्या हाताने झटपट निबंध काढतो. काही जण दोन्ही नीट करतात. काहींचा दुसरा हातच तेवढा राहतो.

झटपट निबंधांची एक वेगळीच मंडई देशात उभी राहिली, आणि ती उघडी पाडण्यात पुण्याचा वाटा मोठा. पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा की त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत. पत्ता खोटा, संपादक मंडळ नावापुरतं, पैसे भरले की आठवड्यात निबंध छापून तयार. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली. यादीच्या जागी पुण्यातूनच चाललेली ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही थांबवली गेली. मधल्या काळात, २०२२ च्या नव्या नियमांनी, पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती आयोगाने उठवली. सक्ती गेली तरी धास्ती जात नाही. पुढच्या मुलाखतीत कुणीतरी विचारणारच: पेपर किती?

किती, या प्रश्नाला एक देखणं उत्तर झाशीच्याच प्रयोगशाळेत रोज मिळतं, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही. गवताचा किंवा हरभऱ्याचा जनुकीय नकाशा काढायचा म्हणजे कुठलं जनुक कुठल्या जनुकापासून किती लांब ते ठरवायचं. पुढच्या पिढीत दोन गुणांची किती वेळा ताटातूट झाली त्यावरून अंतर काढतात. पण एकाच धाग्यावर दोनदा अदलाबदल झाली तर ती लपून जाते आणि अंतर चुकतं. ही चूक दुरुस्त करणारं एक सूत्र आहे. नकाशा काढणारं सॉफ्टवेअर उघडलं की ते विचारतं: हाल्डेन की कोसंबी? हे कोसंबी म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले आणि पुढे प्राचीन भारताच्या इतिहासासाठी नावाजलेले. १९४४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये त्यांचा चार पानी निबंध आला. गणितज्ञाने जनुकशास्त्रात लिहिलेला, चार पानांचा. आजच्या तक्त्यात तो ‘इतर विषय’ या रकान्यात गेला असता.

कोसंबींची पुढची नोकरी मात्र सुखाची झाली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करत. १९५९ मध्ये त्यांनी रीमानच्या प्रख्यात गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात केला. गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे नेला नाही. दावा फसला हे खरंच, आणि त्यांचा स्वभावही मऊ नव्हता. तरी एकाच माणसाच्या खात्यावर ऐंशी वर्षं टिकलेली चार पानं आणि एक फसलेला दावा शेजारी शेजारी असतात, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. संशोधन करणाऱ्याला चुकायची मुभा किती द्यायची, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

उत्तर प्रदेशातच मुभेचं एक छान उदाहरण आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून आल्यावर १९३२ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. वय अवघं चोवीस. दहा वर्षांनी त्यांच्याकडे एक गुजराती तरुण आला, प्रल्हाद चुनीलाल वैद्य. सोबत बायको आणि तान्ही मुलगी, खिशात शिल्लक टाकलेले थोडे पैसे. फेलोशिप नाही, पद नाही. पैसे पुरले तेवढे म्हणजे सुमारे दहा महिने तो राहिला, सापेक्षतेवर काम केलं, आणि प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्वक्षेत्र मांडणारं त्याचं सूत्र १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. त्याचं खरं मोल जगाला वीसेक वर्षांनी, खगोलात प्रचंड ऊर्जा ओतणारे पिंड सापडू लागल्यावर कळलं. आज ‘वैद्य मेट्रिक’ सापेक्षतेच्या पाठ्यपुस्तकात आहे. पण ही कथा सांगून आजच्या विद्यार्थ्याला ‘बघा, पैशाविना संशोधन होतं’ असं ऐकवणारे लोक भेटतात, ते चूक करतात. वैद्यांना कागद-पेन्सिल पुरली. गवताला ओव्हन लागतो, मजूर लागतात, जीप लागते.

आणि ओव्हनपाशी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा कायम नोकरीतला नसतोच. तो असतो कनिष्ठ संशोधन छात्र किंवा ‘यंग प्रोफेशनल’, प्रकल्पाच्या मुदतीपुरता. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ छात्रवृत्ती महिना ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० झाली, तीही देशभर मोर्चे निघाल्यावर. आकडा वाईट नाही. वाईट आहे ती त्याची तारीख. पैसे तीन-चार महिन्यांनी एकदम येतात, तोवर खोलीभाडं आणि मेस उधारीवर. प्रकल्प मार्चअखेर संपतो, आणि गवताची शेवटची कापणी नेमकी जूनमध्ये असते. मग संपलेल्या प्रकल्पाची कापणी कोण करतं? तोच मुलगा, बिनपगारी, कारण प्रबंध त्यावर उभा आहे. गाईड चांगला असेल तर दुसऱ्या कुठल्या प्रकल्पातून महिनाभर ओढून नेतो. गाईड चांगला असणं हा सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी नोंदला जाणारा नशिबाचा भाग आहे.

घड्याळं जुळल्याचं एक उदाहरण झाशी जिल्ह्यातच, बबीना भागात आहे. बुंदेलखंडात हवेली नावाची जुनी पद्धत होती: मोठे बांध घालून पावसाचं पाणी शेतात अडवायचं, ते जिरू द्यायचं आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर गहू घ्यायचा. बांध फुटले, गावकी मोडली, हवेल्या गेल्या. झाशीची केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची इक्रिसॅट यांनी २०११ पासून परासई-सिंध पाणलोटात, सुमारे साडेबाराशे हेक्टरांवर, जुनी हवेली नव्याने बांधली, नाल्यांवर बंधारे घातले. विहिरींची पातळी दोन ते पाच मीटरनी वर आली. हा ‘दोन ते पाच’ आकडा मिळवायला वर्षानुवर्षं कुणीतरी विहिरीविहिरीत टेप सोडून खोली वहीत लिहिली. विहिरीच्या मालकिणीला आधी हसू यायचं, नंतर ती स्वतःच सांगू लागली: या वेळी पायरी एवढी बुडालीय, लिहून घे.

ही वही म्हणजे फील्ड बुक. जाड पुठ्ठ्याची, कडांना मातीचे डाग पडलेली, मधल्या पानात चेपून सुकलेलं एखादं पान. शास्त्रज्ञाची बदली झाली की कपाटाची किल्ली, संगणकाचा पासवर्ड आणि फील्ड बुक एवढं हस्तांतरित होतं. झेलमने नवा येतो, वही उघडतो. चौदाव्या ओळीपुढे आधीच्याच्या अक्षरात लिहिलेलं असतं, ‘मेलेलं वाटतं, उपटू नये, पावसाची वाट बघणे’. तो जुलैपर्यंत थांबतो. पंप हाऊसच्या पलीकडच्या वाफ्यात चौदा क्रमांकाच्या बुंध्याला हिरवा कोंब आलेला असतो, आणि तो वहीत तारीख घालतो.